गाद्याला लोखंड लावायचं नाही

माझी नात मैत्रिणींना कौतुकाने सांगते, "आमची आजी लहानपणी डॉल्फिनबरोबर पोहायची." पोहायची खरी. पुढचं मी तिला सांगितलेलं नाही.

आम्ही डॉल्फिनला गादा म्हणायचो. बाबाला मुलगा नव्हता, म्हणून होडीवर मी. ओहोटी लागली की उलव्याच्या खाडीत आम्ही जाळं लावायचो आणि बाबा वल्ह्याच्या मुठीने होडीतली एक सुटी फळी बडवायचा. त्या आवाजाने बोय मासे बिथरून जाळ्याकडे पळायचे. एका मादी गाद्याला तो आवाज पाठ झाला होता. फळी वाजली की ती पिल्लाला घेऊन हजर. बाहेरच्या अंगाने बोय हाकायची आणि निसटलेले आपण खायची. बाबा म्हणायचा, "बिनपगाराची गरीन हाय आपली." गरीन म्हणजे कामाची गडीण.

मी परकर खोचून पाण्यात उतरायचे. ती माझ्या शेजारून जायची, इतकी जवळून की तिचं अंग दंडाला घासायचं, सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत. पिल्लू तर पायात पायात करायचं. घरात माझ्याशी धड कोणी बोलत नव्हतं. माझी माणसं म्हणजे ही दोघंच, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

त्या वर्षी होडी पाणी घ्यायला लागली. लाकडाला दर उन्हाळ्यात मुशीचं, म्हणजे लहान शार्कचं, तेल लावायचो, पण मुशी काही जाळ्यात येईना. तेल गाद्याच्या अंगातही असतं. बाबा तिच्याकडे निराळ्या नजरेने बघायला लागला. आई घाबरली. "देवाचा जीव हाय त्यो. गाद्याला लोखंड लावाचं नाय," म्हणाली.

"लोखंड कोन लावतंय?" बाबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काका होडीवर आला. बाबाने फळी वाजवली आणि ती आली. नेहमीसारखी बोय हाकत आली. दोघांनी तिच्यावर जाळं टाकलं, गुंडाळलं आणि वल्ह्यांनी पाण्याखाली दाबून धरलं. गाद्याला श्वासाला वर यावं लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी बाबाचा हात चावले, तर त्याने कोपराने मला मागे ढकललं. होडीखालून धडका बसत होत्या. भात शिजतो तेवढा वेळ बसत होत्या. मग थांबल्या.

"मी नाय मारली," बाबा हात जोडून म्हणाला. "पान्यानं मारली."

मेल्यावर मात्र सुरी चालली. तेल पुष्कळ निघालं आणि होडी काळीभोर, चकचकीत झाली. माझा बाप देवाला असा फसवतो आणि देव फसतो, या दोन्ही गोष्टींचा मला सारखाच संताप आला. अजून येतो.

होडी परत पाण्यात उतरवली त्या दिवशीही काका बरोबर होता. बाबाने फळी वाजवली. पिल्लू एकटंच आलं. होडीला नाक घासत, शिट्ट्या मारत फिरत राहिलं. त्यात जाळं एका कडेला फाटलं. बाबाने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "येत ऱ्हाऊ दे. पुरच्या सालापत्तुर मोठा होतंय," म्हणाला.

मी फळी उचलली आणि पाण्यात उडी मारली. पिल्लू लगेच पायात आलं. मी त्याला ढकललं. त्याला खेळ वाटला, उलटं फिरून परत आलं. मी फळी मारली. तरी आलं. मग मी दोन्ही हातांनी त्याच्या चोचीवर फळी हाणली. रक्त येईपर्यंत हाणली, आणि तोंडाने "जा मेल्या, जा" ओरडत राहिले. शेवटी ते थोडं लांब थांबलं. माझ्याकडे बघत होतं की नाही, देव जाणे. मी पुन्हा फळी उगारली तेव्हा ते बुडालं, आणि वर आलं ते पार खाडीच्या तोंडाशी. त्यानंतर बाबाने कितीही फळी बडवली तरी ते आलं नाही.

बाबाने मला दंडाला धरून होडीत घेतलं. मला वाटलं आता मार बसणार. पण तो हसत होता; पिल्लू उद्या फळीला येणारच, अशी त्याची खात्री होती. गाद्याने जाळं फाडलं म्हणून मी चिडले, असंच त्याला वाटलं.

"आता शोभली कोल्याची पोर," तो काकाला म्हणाला.

रात्री त्याने बोयचा सगळ्यात मोठा तुकडा स्वतःच्या हाताने माझ्या ताटात वाढला. असा मान मला कधी मिळाला नव्हता. मी तो सगळा खाल्ला.