हंड्याचं पाणी, रहाटाचं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीचं सासर मुंबईबाहेरच्या गिरीज गावचं, केळीच्या वाडीतलं. पन्नासच्या दशकात मी मुंबईला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. बहिणीच्या एकुलत्या एका मुलाला सारखे जुलाब व्हायचे. औषधानं थांबायचे, पुन्हा सुरू. वाळून पोराचे नुसते डोळेच उरले होते. घरात बाकी कुणाला काही नाही, त्यामुळे सगळे दृष्ट काढून मोकळे. माझा संशय मात्र विहिरीवर होता.

बहिणीच्या सासऱ्यांना ते झोंबलं. विहीर त्यांच्या आजोबांनी खणलेली. तरी मी बहिणीला निर्जंतुक केलेली बाटली दिलीच आणि विहिरीचं पाणी भरून भाऊजींबरोबर पाठवायला सांगितलं.

तपासणी तशी साधी. जांभळ्या, साखर घातलेल्या रसाच्या काचेच्या नळ्या. प्रत्येकीत एक इवली नळी उपडी बुडवलेली. त्यात पाणी घालून उबेत ठेवायचं. विष्ठेतले जंतू असले तर ते साखर खाऊन रस पिवळा करतात आणि उपड्या नळीत वायूचा बुडबुडा साठतो. मग ते नक्की विष्ठेतलेच ना, हे बघायला जास्त उबेत पुन्हा वाढवायचे. बहिणीच्या बाटलीनं एकही नळी पिवळी केली नाही.

"पोरी, तुझ्या नळ्यांनीच सांगितलं आता," असा सासऱ्यांचा निरोप भाऊजींनी आणला. मला राग आला. उघडी विहीर, काठाशी शेणाचा खड्डा, पलीकडे गुरांचं डबकं, आणि नळ्या इतक्या सोवळ्या? पटेना. हट्टाला पेटले आणि रविवारी स्वतःच गेले.

पोचताच बहिणीनं पाणी पुढे केलं. तांब्याच्या हंड्यातलं, रात्री गाळून भरलेलं.

"बाटली कुठून भरलीस गं?"

"ह्यातूनच. विहिरीचंच आहे की. न गाळलेलं, ताजं पाणी घराबाहेर कसं द्यायचं? मुंबईचे लोक काय म्हणतील?"

मी कपाळाला हात लावला. बाहेरच्याला रात्रभर निवळलेलंच पाणी द्यायचं, ही त्या घरची रीत. आणि तांब्यात रात्र काढली की हे जंतू बहुतेक मरतात. घर धडधाकट का, ते कळलं. पण मुलगाही त्याच हंड्यातलं पीत होता, निदान बहीण तसं समजत होती.

मी एक बाटली हंड्यातून भरली, दुसरी दोरीनं थेट विहिरीत सोडली. स्टेशनवर मासळीच्या पाट्या चढवणाऱ्या कोळणीकडून बर्फ मागून घेतला आणि वाटेत उन्हानं पाण्यातले जंतू वाढू नयेत म्हणून बाटल्या त्यात घालून नेल्या.

पुढच्या रविवारी, साहेबांना न विचारता, तोंडाशी कापसाचे बोळे घट्ट बसवलेल्या दोन नळ्या घेऊन गेले आणि सासऱ्यांपुढे धरल्या. हंड्याची जांभळी. विहिरीची पिवळी, बुडबुड्यासकट.

"मामा, ह्यात माणसाची नाहीतर गुरांची घाण आहे. हे कच्चं पाणी घरात कुणाच्या पोटात जातं, तेवढं सांगा."

त्यांनी पिवळी नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली. रोज सकाळी केळींना पाणी सोडायला विहिरीवरचा रहाट सुरू झाला की नातू त्यांच्या मागोमाग वाडीत जायचा, हे मला ठाऊक होतं.

"मीच पाजतो," ते हळूच म्हणाले. "पन्हळीखाली ओंजळ धरून. त्याला तसंच आवडतं."

मला वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाडीत जाताना ते हंड्यातलं पाणी भरलेली तांब्याची कळशी बरोबर नेऊ लागले. पोर सावरलं. सासऱ्यांनी मात्र नातवापुढे ओंजळ पुन्हा कधी धरली नाही, त्यानं हात ओढून मागितली तरी.