जीपमध्ये मिळालेलं "सुम्ने"

मंडळी, अजून डोकं तापलेलंच हाय.

सकाळी जोयड्याहून रामनगरला जीपनं येत होतो. जंगलात मोबाईलची रेंज गेली, आता काय झालं तर फोन बी लागायचा न्हाई असं मनात आलं आणि माझी छाती धडधडायला लागली. घाम फुटला. जीप थांबवा म्हटलं.

आमच्या घराशेजारच्या आक्का सगळ्यांना सांगत सुटल्या, "ह्याला काय बी झालेलं न्हाई. हृदय चांगलं हाय म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. सुम्ने करतोय."

सगळी जीप हसली.

डॉक्टरचं म्हणणं मला बी पटतं. छातीला पटत न्हाई, त्याला मी काय करू?

कानडीत सुम्ने म्हणजे उगाच, आणि सुम्ने म्हणजे गप्प बी. म्हणजे माझी भीती उगाच, आणि मी गप्प बसायचं. एका शब्दात दोन्ही उरकलं.

"पाणी पितोस काय?" एवढं विचारायला कुणाचं काय जात होतं, सांगा.