जावयाचं नाव

लेकीच्या फोनवर ते नाव झळकलं की आईला बरं वाटायचं. पोरगी तशी घुमी, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मान खाली घालून काम करणारी. तिला एखादी मैत्रीण मिळाली म्हणजे सोनंच. पुढे लेक म्हणाली, "आमच्याकडचं कुणीतरी जेवायला येणार आहे." आईने दार उघडलं, तर समोर झुपकेदार मिशांचा उंचनिंच गडी!

तिचा चेहरा बघून तो हसला. "फोनवरचा तो मीच."

तो हाडांच्या वॉर्डात नर्स होता. लग्न झालं. माणूस लाखात एक, याबद्दल आता सासूबाई झालेल्या आईचं दुमत नव्हतं. पण नाव? मुलाचंही चालेल, मुलीचंही चालेल. धड ना इकडचं, धड ना तिकडचं!

लेकीला दिवस गेले आणि तिने बाळालाही तसलंच नाव ठेवायचं ठरवलं, तेव्हा सासूबाईंचा पारा चढला.

"अगं, हाक मारली की कळायला नको?"

"काय कळायला हवं, आई?"

"शाळेत चिडवतील पोराला. नवऱ्याला विचार."

"विचारलं. तो काही बोलतच नाही."

म्हणजे जावई आपल्या बाजूचा, असं सासूबाईंनी मनाशी धरलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्या जावयाच्याच वॉर्डात येऊन पडल्या. पडद्याआडची कामं तो न सांगता बाई नर्सकडे सोपवायचा. कूस बदलताना मात्र स्वतः यायचा, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायचा आणि दुखणार असेल तर आधी सांगायचा.

एकदा शेजारच्या खाटेवरच्या आजींचा मुलगा फलकावरचं नर्सचं नाव वाचून तावातावाने म्हणाला, "इथं बाईचं नाव लिहिलंय. तुम्ही कसे?"

"नाव माझंच आहे. बाई नर्स हव्या असतील तर लगेच बोलावतो," जावई म्हणाला. "तोवर यांचा पाय सरळ करू का? अवघडलाय."

आजीच ओरडल्या, "करू दे की त्याला!"

दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर सासूबाईंनी विषय काढलाच. "लहानपणी चिडवायचे का रे?"

"चिडवायचे की. पहिल्याच दिवशी मुलींच्या रांगेत बसवलं. रडत घरी गेलो, म्हटलं नाव बदला. आई म्हणाली, थोडं थांब, मग बदलू. तेवढ्यात त्या रांगेत अशी गट्टी जमली की बाईंनी उठवलं तरी मी उठेना."

सासूबाईंना हसू आलं, पण टाके ताणल्यावर त्या कळवळल्या. "मग आता गप्प का बसतोस?"

तो उशीचा अभ्रा नीट करत राहिला. "माझं निभावलं. पण बाळाचं निभेल असं मी कुठल्या तोंडाने सांगू? भीती वाटते हो."

एवढा दांडगा माणूस, आणि भीती वाटते म्हणून सरळ सांगतो! सासूबाईंच्या नवऱ्याने सगळा संसार केला, पण हे शब्द कधी तोंडातून काढले नव्हते. त्यांनी जावयाच्या मनगटावर हात ठेवला.

"ठेव तू तसलंच नाव. कोण चिडवतो ते मी बघते."

मुलगी झाली. काठी टेकत सासूबाई घरोघर नाव सांगत फिरल्या.

"छान आहे हो," शेजारीण म्हणाली, "पण नात की नातू?"

"घरी या आणि बघा," सासूबाई म्हणाल्या. "चहाही मिळेल."