आनसेल्मचा जुना वॉल्ट्झ

आनसेल्म काइरोलला एका जागी बसवत नसे. जेवतानाही त्याची बोटं टेबलावर काहीतरी वाजवत असायची. फ्रान्समधल्या कांतालच्या डोंगराळ गावांत त्याने तीस वर्षं नाचाचा वाद्यवृंद चालवला. वादक बदलले, गाडी बदलली, काळे कोट जाऊन निळे आले. अकॉर्डियन तेवढं तेच राहिलं. स्वतःच्या कितीतरी चाली त्याने बांधल्या. पण "ही माझी नवी" असं म्हणून सुरुवात केली, की लोक वाइन घ्यायला उठायचे.

एका जत्रेत त्याने चिडून स्वतःचाच एक नवा वॉल्ट्झ, जोडीने गिरक्या घेत नाचायची चाल, सुरू केला आणि माइकवर ठोकून दिलं, "हा आपल्या आज्यांच्या वेळचा, साँ-फ्लूरकडचा."

सगळे नाचले. पुढच्या रविवारी तोच मागू लागले. हळूहळू दुसरे वाद्यवृंदही तो वाजवू लागले, जुना म्हणूनच.

आनसेल्मची झोप उडाली. आयुष्यात एकच चाल लोकांच्या पायांत उतरली होती आणि तिच्यावर त्याचं नाव नव्हतं.

"सांगून टाक की," ड्रमवाला रेमी म्हणाला. "फार तर खोटारडा म्हणतील. आत्ता तरी कुठे साधू म्हणतात?"

रविवारी दुपारी, गावच्या सभागृहात नाच रंगला असताना आनसेल्मने माइक ओढला. "तो साँ-फ्लूरचा वॉल्ट्झ जुना नाही. मी बांधलाय."

मग नव्वदीच्या मादाम ब्वासेल खुर्चीतून म्हणाल्या, "बाळा, माझ्या लग्नात वाजला होता तो. तेव्हा तू जन्मलाही नव्हतास."

"तो दुसरा असेल, मादाम."

"नवरा तरी तोच होता ना? मग वॉल्ट्झही तोच."

सभागृह हसलं. आनसेल्मची कानशिलं तापली. त्याने वॉल्ट्झ सुरू केला आणि दुसऱ्या भागात चाल मुद्दाम भलतीकडे वळवली. ज्याने बांधली त्यालाच ती अशी वळवता येते, हे त्याला दाखवायचं होतं. जोड्या अडखळल्या. रेमीच्या काठ्या थांबल्या.

"चुकलास रे," मादाम ब्वासेल म्हणाल्या. "ते असं आहे."

आणि बसल्या जागी त्यांनी तो भाग गुणगुणला. अगदी त्याने बांधला होता तसाच, एक सूर इकडचा तिकडे नाही.

आनसेल्म ऐकत राहिला. त्याची बोटं बटणांवर होती, पण हलत नव्हती.

"काय मालक, काय करायचं?" रेमीने हळूच विचारलं.

"पुन्हा धर," आनसेल्म म्हणाला. "त्या म्हणतात तसं."

त्याची टाच आधीच ठेका देऊ लागली होती.