वय पंचावन्न ते साठ

शहरातल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या अनोळखी माणसांची यादी सत्यशीलाच्या संगणकात असते. नोकरी कंत्राटी, खुर्ची डुगडुगती, पण काम चोख. माणूस हरवल्याचं सांगत कुणी आलं की ती वय, उंची, तारीख विचारून फिल्टर लावते आणि हजारभर ओळींतून चारपाच उरतात. समोरचा रडायला लागला की पाण्याचा ग्लास सरकवते आणि पुढचा प्रश्न विचारते. आपल्या या हातोटीचा तिला थोडा गर्वच होता, खोटं कशाला बोला.

विमलाबाईंचे यजमान धोंडिबा मार्केट यार्डातले जुने हमाल. अलीकडे त्यांना कशाचं भान राहत नसे. एका सकाळी कात्रजच्या घरातून निघाले ते परतलेच नाहीत. बाईंनी त्यांचं आधार कार्ड पुढे ठेवलं. वय अठ्ठावन्न. सत्यशीलानं पंचावन्न ते साठ असा फिल्टर लावला, एकही ओळ आली नाही. बाई रोज दहाच्या ठोक्याला हजर. सत्यशीला रोज तोच फिल्टर लावी. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी बाई सहज म्हणाल्या, "थोरला पोरगाच चोपन्नचा हाय माझा."

सत्यशीलाचा हात माउसवर थांबला. "मग यांचं वय अठ्ठावन्न कसं?"

"ते कागदावरचं. म्हातारा म्हणून काढू नये, म्हणून मुकादमानं कमी लावलं. पंच्याहत्तरी झाली त्यांची. हापिसात कागदावरचंच सांगायचं असतंय ना, ताई?"

असतंच. सत्यशीलाच्या वडिलांची एक जून ही जन्मतारीखसुद्धा मास्तरांनीच अंदाजानं टाकलेली. सगळं ठाऊक असून तिला सुचलं नव्हतं. रुग्णालयवाले कार्ड कुठलं बघणार, ते चेहरा बघून वय लिहितात.

तिनं वयाचा फिल्टर काढला. पुरुष, अंदाजे पंच्याहत्तर, खांद्यावर जुना घट्टा, कात्रज चौकात सापडला. शेरा : नाव सांगत नाही, 'विमल, विमल' म्हणतो. शेवटच्या रकान्यात कालची तारीख आणि 'मृत'.

आठ दिवस माणूस खाटेवर जिवंत होता आणि रोज सकाळी तिनंच त्याला पडद्यावरून बाजूला सारलं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"घावले का?" विमलाबाईंनी विचारलं.

"घावले, मावशी," ती म्हणाली. मान फिरवून तिनं डोळे पुसले.

विमलाबाईंनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "आधी पाणी प्या, ताई. मग सांगा, कुठल्या दवाखान्यात हायेत?"