एकाचं आवतण

चाचणी चालू असताना मशीन पुन्हा बंद पडलं तेव्हा मी लॅपटॉपला अशी शिवी हासडली की पलंगावर आबांनी डोळे उघडले. आबा म्हणजे माझे वडील. अर्धांगवायूनंतर त्यांना भरवायला, कूस बदलायला मीच. म्हणून पुण्याची नोकरी मी धुळ्याच्या घरून करते. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, आज जमलं नाही तर सोमवारपासून पुण्यात येऊन बसा. मी गेले तर आबांना पाणी कोण पाजणार?

माझं काम कर्नलचं, म्हणजे संगणकाच्या सगळ्यात आतल्या कारभाऱ्याचं. एखादा प्रोग्रॅम त्याला सांगतो, मेमरीतल्या या पत्त्यापासून पुढे इतकी जागा माझी, तिथे माहिती लिही. जागा खरंच त्याची आहे का, हे कारभाऱ्याने आधी बघायचं. ती तपासणी मीच लिहिली होती. पुन्हा पुन्हा वाचली, पण घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. देव मानत नाही, तरी नवस बोलून झाला.

खिडकीखाली शेजाऱ्यांच्या लग्नाची पंगत बसत होती. मांडवाच्या तोंडाशी नवरीचे काका उभे. एक पाहुणा आला. "आपलाच शे, येऊ द्या," काका म्हणाले, आणि त्याच्यामागून बायको, पोरं, मेहुणे, सगळा गोतावळा आत शिरला. शेवटच्या ओळीला वरण मिळालं, बट्टी संपली. भांडण जुंपलं.

"एकनं आवतन, आन् बठ्ठं घर उनं," आबा जड जिभेने म्हणाले.

आवतण एकाला, आणि आलं सगळं घर. मला हसू आलं नाही. मीही पहिलाच पत्ता तपासत होते. तो प्रोग्रॅमचाच असायचा. तिथून पुढची जागा कुठवर जाते, हे बघतच नव्हते; ती हद्द ओलांडून कर्नलच्या स्वतःच्या मेमरीत घुसायची. शेवटचा पत्ताही तपासायला लावला. मशीन चाललं. मी ढसाढसा रडले.

साहेब फोनवर फारच खूश झाले. "एवढं येतं तुम्हाला, आणि तिकडे काय बसलात? पुढचं मोठं काम तुमचंच. सोमवारी या." मी आबांचं सांगितलं. "एखादी बाई ठेवा," म्हणाले आणि फोन ठेवला.

शेजारणीने आबांचं ताट पंगतीआधीच पाठवलं होतं. मी वरणात बट्टी कुस्करली.

"चालू व्हयनं का?"

"हो, आबा."

"मंग आते पुनाले जानं नही ना?"

त्यांच्या वाकड्या ओठांवरून वरण ओघळत होतं. ते मी पुसलं आणि पुढचा घास केला.