उगमाची प्रुफं

छापखान्यात सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. एकतीस वर्षं प्रुफं तपासली, पण चूक म्हणून नजरेतून सुटली नाही. याची त्यांना घमेंड होती, आणि खरं सांगायचं तर ती शोभायचीही. मजकुरात गुंतायचं नाही, हा त्यांचा मंत्र. गुंतलं की डोळा घसरतो, असं ते नवख्यांना दम देऊन सांगत.

छापखाना रानावनात देव शोधत हिंडणाऱ्यांची पुस्तकं काढायचा. घरी बायको हस्तलिखित मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि हे प्रुफावर पेन्सिल फिरवायचे. एकदा नदीकाठानं प्रवाहाच्या उलट दिशेनं चालत उगमापर्यंत गेलेल्या विरक्ताचं पुस्तक आलं होतं. वाचता वाचता बायको थांबली.

"अहो, उगमाशी पोचल्यावर हा रडला का असेल?"

"तिथे उद्गारचिन्ह आहे का, तेवढं सांग."

तिला हसू फुटलं. "आपल्या नदीचा उगम बसनं तीन तासांवर आहे. जाऊ या ना एकदा."

"हे पुस्तक हातावेगळं होऊ दे."

ते झालं, दुसरं आलं. तिनं चार-पाचदा विचारलं, मग नाद सोडला. या भल्या माणसाला वाटलं, हौस फिटली असेल.

निवृत्तीनंतर रिकामा वेळ खायला उठला, तेव्हा त्यांनी तेच पुस्तक काढलं आणि पहिल्यांदा पेन्सिलीशिवाय वाचलं. झाडाखाली गप्प बसून पाण्याकडे कान लावणारा तो माणूस त्यांना आता कुठे भेटला. शेवटच्या पानावर डोळे भरून आले. एवढी वर्षं आपण काय वाचत होतो, याची लाज वाटली. तसेच उठून ते स्वयंपाकघरात गेले.

"अगं, उद्याच निघू. उगमाला."

बायको भाजी चिरत होती. "मी जाऊन आले की. धाकट्या जाऊबाईंबरोबर. बारा वर्षं झाली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना! आल्यावर संध्याकाळभर सांगत होते. तिथे मी किती रडले, तेही. तुम्ही प्रुफं बघत 'हं, हं' म्हणत होतात."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आता सांग. का रडलीस?"

तिनं सुरी खाली ठेवली. बराच वेळ मनापासून आठवून पाहिलं.

"तेव्हा अगदी ओठांवर होतं हो," ती म्हणाली. "आता नाही सांगता येत."